थायरॉइड आणि उत्तेजक द्रव्यांची नशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडाली आहे, दोन महिन्यांत कपडे सैल झाले. ही तक्रार घेऊन आलेला माणूस थायरॉइडचा रुग्ण असेल, नशा करणारा असेल, किंवा दोन्ही असेल. तिसरी शक्यता घरच्यांच्या सहसा डोक्यातच येत नाही, आणि घाईत असलेल्या डॉक्टरांच्या नजरेतूनही निसटते. व्यसनी माणसाचं सगळं व्यसनावर ढकललं जातं आणि थायरॉइडच्या रुग्णाचं सगळं थायरॉइडवर. पुढचे प्रश्न बहुतेक याच घोळातून येतात.

उत्तेजक द्रव्यं म्हणजे नेमकी कोणती?

कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, मेथअ‍ॅम्फेटामिन म्हणजे मेथ किंवा क्रिस्टल, मेफेड्रोन, एक्स्टसी. एकाग्रतेच्या विकारासाठी, म्हणजे एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथिलफेनिडेटही याच कुळातलं. फरक एवढाच की ते मोजून, देखरेखीखाली दिलं जातं. भूक मारणाऱ्या काही गोळ्याही यात येतात.

नावांचा एक गोंधळ आधीच मिटवू. बोलण्यात ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते मेफेड्रोन. एक्स्टसीमध्ये असतं ते एमडीएमए. दोन्ही वेगळी आहेत. डॉक्टरांना नुसतं ‘एमडी’ सांगितलं तर ते भलतंच समजू शकतात.

दोघांची लक्षणं इतकी सारखी का?

कारण दोघांचा रस्ता पुढे जाऊन एकच होतो. कोकेन किंवा मेथ घेतलं की मज्जातंतूंच्या टोकाशी संदेश वाहणारी रसायनं, म्हणजे डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन साचतं. कोकेन ते परत आत खेचू देत नाही, अ‍ॅम्फेटामिनचा परिवार ते साठ्यातून बाहेर ढकलतो. म्हणजे हाकेचा आवाज वाढतो. थायरॉइडचं हॉर्मोन आवाजाला हात लावत नाही, ते ऐकणाऱ्याचे कान तिखट करतं: हृदयाच्या पेशींवरचे बीटा ग्राहक, म्हणजे हा संदेश पकडणाऱ्या जागा, वाढवतं. थायरॉइड जास्त काम करत असलेल्या माणसाच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन बहुधा वाढलेलं नसतंच, तरी हृदय मात्र पळत असतं.

आता तिखट कानाच्या माणसाजवळ जाऊन कोणी ओरडलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

मग घरच्या घरी फरक ओळखता येतो का?

पक्का नाही. पक्कं फक्त रक्ततपासणीनेच कळतं. पण काही खुणा आहेत, आणि त्या माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली खूण भुकेची. थायरॉइड जास्त काम करत असेल तर माणूस नेहमीपेक्षा जास्त जेवतो आणि तरी वाळत जातो. उत्तेजक द्रव्यावर असलेल्या माणसाची भूकच मरते. तो दोन-दोन दिवस ताटाला शिवत नाही, मग नशा उतरली की एकदम तुटून पडतो. रोज चार वेळा व्यवस्थित जेवणाऱ्या मुलाचं वजन उतरत असेल, तर आधी थायरॉइड तपासा.

दुसरी खूण नाडीची. थायरॉइडची धडधड झोपेतही थांबत नाही. माणूस गाढ झोपलेला असताना, त्याला न जागवता, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं अलगद ठेवा आणि घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. नुसत्या काळजीमुळे धडधडणारं हृदय झोपेत शांत होतं. निवांत झोपेतही ठोके नव्वद-शंभरच्या घरात असतील तर कारण शोधायला हवं. ही जुन्या डॉक्टरांची पद्धत आहे, आणि यंत्रं आली म्हणून ती निकामी झालेली नाही.

तिसरी खूण वेळेची. नशेची लक्षणं येतात-जातात: शनिवारी रात्री उधाण, सोमवारी मरगळ. थायरॉइडला वार कळत नाही. तो आठवडे, महिने एकाच दिशेने चढत जातो.

मग डोळे. नशेत बाहुल्या मोठ्या होतात आणि उजेडातही तशाच राहतात. ग्रेव्हज् या, ग्रंथी जास्त काम करायला लावणाऱ्या, थायरॉइडच्या आजारात बाहुल्या नाही, डोळेच बाहेर आल्यासारखे दिसतात. खाली बघताना वरची पापणी मागे रेंगाळते आणि बुबुळाच्या वर पांढरी पट्टी उघडी पडते. गळ्याशी, घाटीच्या खाली सूज दिसत असेल आणि घोट गिळताना ती वर-खाली होत असेल, तर ती ग्रंथी आहे.

थरथरीने मात्र फरक कळत नाही. दोन्ही हात समोर ताठ धरायला लावून बोटांवर एक कोरा कागद ठेवला, तर कागदाची कड दोघांच्याही हातांवर सारखीच फडफडते.

माझ्या रिपोर्टमध्ये ‘थायरॉइड वाढलंय’. मग ही धडधड त्यामुळेच ना?

नेमकं काय वाढलंय ते आधी बघा. बोलताना आपण ‘थायरॉइड वाढलंय’ म्हणतो तेव्हा बहुतेकांचं टीएसएच वाढलेलं असतं, आणि टीएसएच वाढणं म्हणजे ग्रंथी कमी काम करते आहे. या लेखात मात्र ‘थायरॉइड वाढलेला’ म्हणजे ग्रंथी जास्त काम करते आहे, असंच समजा. टीएसएच हा मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. काम होत नसेल तर ती आवाज चढवते, काम जास्त होत असेल तर गप्प बसते. बहुतेक प्रयोगशाळांत टीएसएच साधारण 0.4 ते 4 असेल तर ठीक धरतात.

तेव्हा टीएसएच 12 असेल आणि तरीही धडधड, घाम, निद्रानाश असेल, तर या गोष्टी एकमेकांशी जुळत नाहीत. काहीतरी तिसरं चालू आहे. ते नशाच असेल असं नाही, रक्त कमी असेल, हृदयाचं काही असेल, मनावर ताण असेल. पण ‘थायरॉइडमुळे होतंय’ म्हणून तिथेच थांबू नका.

नशेमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो का?

चुकतो म्हणण्यापेक्षा फसवतो, आणि तोही दोन्ही बाजूंनी.

जास्त प्रमाणात अ‍ॅम्फेटामिन घेणाऱ्यांमध्ये टी4, म्हणजे ग्रंथीचं मुख्य हॉर्मोन, तात्पुरतं चढलेलं आढळतं. इथे ओळखीची खूण म्हणजे टीएसएच दबलेलं नसतं. खऱ्या थायरॉइडवाढीत, ग्रेव्हज् असो की गाठ, टीएसएच जवळजवळ शून्यावर जातं. नशा थांबली की असं चढलेलं टी4 आपोआप उतरतं. ते न ओळखता थायरॉइड दाबणारं औषध सुरू केलं, तर नसलेल्या आजाराचा इलाज होऊन बसतो.

दुसऱ्या बाजूला उपासमार. चार-चार दिवस न जेवता, न झोपता काढलेल्या शरीराला ऊर्जा वाचवायची असते, म्हणून ते टी4 पासून टी3 हे जास्त जोरकस हॉर्मोन बनवणं कमी करतं. रिपोर्टमध्ये टी3 खाली दिसतं, कधी टीएसएचही थोडं खाली. ग्रंथी मात्र ठणठणीत असते. अशा वेळी थायरॉइडची गोळी द्यायची नसते, जेवू घालायचं असतं.

नशेशी संबंध नसलेली एक गोष्टही इथेच सांगून टाकतो: केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रांवर थायरॉइड वाढल्याचं खोटं चित्र दिसतं. तपासणीआधी दोन दिवस त्या बंद ठेवतात. आधी प्रयोगशाळेला विचारून घ्या.

नशेमुळे थायरॉइडचा कायमचा आजार होतो का?

कोकेन किंवा मेथ थेट ग्रंथी निकामी करतं, असं सिद्ध झालेलं नाही. या कुळातल्या एका साध्यासुध्या वाटणाऱ्या सदस्याचा दोष मात्र सिद्ध आहे, आणि तो म्हणजे तंबाखूचा धूर. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ग्रेव्हज् जास्त आढळतो, आणि ग्रेव्हज्‌मुळे डोळ्यांवर होणारा परिणाम तर त्यांच्यात जास्तच तीव्र असतो, उपचारांनाही दाद कमी देतो. ‘मेथ सोडलं, आता फक्त सिगारेट’ असं म्हणणाऱ्या ग्रेव्हज्‌च्या रुग्णाने हे लक्षात ठेवावं.

थायरॉइड वाढलेला असताना एखाद्या वेळी घेतलं तर काय होईल?

नाजूक प्रश्न आहे, आणि सरळ उत्तर असं की कधी काही होणार नाही, कधी जीव जाईल, आणि कोणत्या वेळी काय हे आधी सांगता येत नाही.

आधी धोका हृदयाला. थायरॉइड वाढलेला असताना हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडू शकतो. ठोके विस्कळीत पडतात, रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. कोकेन स्वतः हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतं. एकाने हृदयाची ऑक्सिजनची मागणी वाढवलेली असते, दुसरा पुरवठा तोडतो. मग तिशीतला माणूस छातीत दुखतंय म्हणून कोसळतो आणि ‘या वयात हार्ट अ‍ॅटॅक कसा?’ असं सगळे विचारत बसतात.

दुसरा धोका तापाचा. एक्स्टसीने शरीराचं तापमान चढतं हे माहीत असलेलं आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की थायरॉइड हॉर्मोन जास्त असेल तर ते आणखी चढतं, आणि ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांत ते चढतच नाही. माणसावर असा प्रयोग कोणी करणार नाही, पण इशारा पुरेसा आहे.

तिसरा, आणि सगळ्यांत भयंकर, म्हणजे थायरॉइडचं वादळ. डॉक्टर त्याला थायरॉइड स्टॉर्म म्हणतात. ताप 104 अंशांपर्यंत, नाडी 140 च्या पुढे, उलट्या, जुलाब, मग बरळणं आणि बेशुद्धी. उपचार मिळूनही दहातला साधारण एक रुग्ण दगावतो. संसर्ग, शस्त्रक्रिया, औषध अचानक बंद करणं ही त्याची नेहमीची कारणं. कोकेनमुळे ते सुरू झाल्याच्याही नोंदी आहेत. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, नशेचा ओव्हरडोसही हुबेहूब असाच दिसतो. त्यामुळे रुग्णाला थायरॉइड आहे हे सोबतच्या कोणी सांगितलं नाही, तर तिकडे लक्षच जात नाही.

ताप, बरळणं, छातीत दुखणं किंवा झटका यांतलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. ताप उतरवायला अ‍ॅस्पिरिन देऊ नका. ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं थायरॉइड हॉर्मोन सुटं करतं.

मला थायरॉइड कमी आहे. दिवसभर गळून जातो. तरतरीसाठी थोडं घेतलं तर बिघडलं कुठे?

हा प्रश्न विचारणाऱ्याला उपदेश करायची मला इच्छा होत नाही, कारण थायरॉइड कमी असण्याचा थकवा ज्याने भोगला नाही त्याला तो कळत नाही. आठ तास झोपूनही सकाळी अंग शिशासारखं जड. शब्द आठवत नाहीत. ‘आळशी झालायस’ हे ऐकून घ्यायचं. अशात कोणी काहीतरी देतं आणि अर्ध्या तासात डोकं लख्ख होतं. मग माणूस पुन्हा तिकडे वळला तर नवल काय?

पण नेमकं घडतं काय ते बघा. हॉर्मोन कमी असताना हृदयाची गती मंद असते, कोलेस्टेरॉल चढलेलं असतं, रक्तवाहिन्या कडक झालेल्या असू शकतात. अशा हृदयाला अचानक चाबूक बसतो. आणि मूळ कमतरता जिथल्या तिथे. नशा उतरली की तिचा स्वतःचा थकवा जुन्या थकव्यावर चढून बसतो, मग पुढच्या वेळी जास्त लागतं.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडणारं हॉर्मोन भरून काढणारी गोळी, चालू असूनही थकवा असेल तर आधी गोळी कशी घेता ते तपासा. ती उपाशीपोटी, पाण्यासोबत, खाण्याआधी निदान अर्धा ते एक तास घ्यायची असते. कॉफीसोबत घेतली तर नीट शोषली जात नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर हवं. अनेकांचा ‘औषध लागू पडत नाही’ हा प्रश्न एवढ्यानेच सुटतो.

वजन उतरवायला थायरॉइडची गोळी आणि भूक मारणारी गोळी एकत्र घेतात. ते सुरक्षित आहे का?

नाही. आणि हे नवीनही नाही. 1960 च्या दशकात अमेरिकेत रंगीबेरंगी ‘रेनबो’ गोळ्यांचं पेव फुटलं होतं. रोज वेगवेगळ्या रंगांच्या गोळ्या, आणि त्यांत अ‍ॅम्फेटामिन, थायरॉइड हॉर्मोन, लघवी वाढवणारं औषध, कधी हृदयाचं डिजिटॅलिससुद्धा. अ‍ॅम्फेटामिनने भूक मारायची, थायरॉइडने शरीर जाळायचं, लघवीने काट्यावरचा आकडा उतरवायचा. लोक दगावले, आणि 1968 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवर कारवाई सुरू केली.

याच कारणाने थायरॉइड हॉर्मोनच्या औषधावर अमेरिकेत ठळक चौकटीत इशारा छापतात: लठ्ठपणासाठी वापरू नका. जास्त डोस जिवावर बेतू शकतो, आणि भूक मारणाऱ्या उत्तेजक औषधांसोबत तर विशेष, असं त्यात म्हटलेलं आहे. ज्याची ग्रंथी ठीक आहे त्याच्या शरीरात हे हॉर्मोन चरबीसोबत स्नायू आणि हाडंही खातं. गोळी थांबली की वजन परत येतं. गेलेले स्नायू तितक्या सहज येत नाहीत.

चोरून गोळ्या घेणाऱ्याचा रिपोर्ट ग्रेव्हज्‌सारखाच दिसतो, पण थायरोग्लोब्युलिन या ग्रंथीतच बनणाऱ्या प्रथिनाची तपासणी केली की चोरी उघडी पडते. ग्रंथी स्वतः जास्त काम करत असेल तर ते वाढतं. हॉर्मोन बाहेरून येत असेल तर तळाला जातं.

मी कार्बिमाझोल घेतो. अधूनमधून कोकेनही होतं. दोघांचा आपसात काही संबंध?

आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. बाजारात येणाऱ्या कोकेनमध्ये लेव्हामिसोल हे जंतांचं औषध मिसळलेलं आढळतं. लेव्हामिसोल रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवू शकतं, कधी इतक्या की साधा संसर्गही झेपत नाही. कार्बिमाझोल, मेथिमाझोल आणि प्रोपिलथायोयुरासिल या थायरॉइड दाबणाऱ्या औषधांचाही हाच दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणाम आहे, हजारात दोन ते पाच जणांना होणारा.

म्हणून या गोळ्या घेताना ताप आला, घसा दुखायला लागला, तोंडात फोड आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तपेशींची मोजणी करून घ्या. हा नियम सगळ्याच रुग्णांना आहे. कोकेन घेणाऱ्यासाठी तो दुप्पट कडक, आणि कोकेनचं सांगितलं नाही तर सगळा दोष गोळीवर येतो. चांगली लागू पडलेली गोळी कायमची बंद होते आणि पेशी मात्र पुन्हा घटतात.

एडीएचडीचं औषध आणि थायरॉइड?

थायरॉइड वाढलेला असेल तर अ‍ॅम्फेटामिनवर्गीय औषध देत नाहीत, मिथिलफेनिडेटही टाळतात. थायरॉइड कमी असेल आणि गोळीने टीएसएच ठिकाणावर असेल, तर देखरेखीखाली सहसा चालतं. मुलाला एडीएचडीचा शिक्का मारण्याआधी, हात थरथरत असतील किंवा घाम येत असेल तर एक टीएसएच करून घेणं शहाणपणाचं.

व्यसनाच्या काळात गोळ्यांचे महिने चुकले. आता एकदम भरून काढू का?

एकदम मुळीच नाही. लेव्होथायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला सात दिवस लागतात. त्यामुळे एक-दोन दिवस चुकले तर जाणवतही नाही, आणि त्यामुळेच महिना कधी उलटला हे कळत नाही. पुन्हा सुरुवात डॉक्टरांना विचारून करा. हृदयाला नशेची झळ बसली असेल तर ते कमी डोसने सुरू करतील. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. तपासणीच्या आदल्या चार दिवसांत प्रामाणिकपणे गोळ्या घेणाऱ्यांना एक सांगतो: त्याने टी4 चांगलं दिसतं, टीएसएच तसंच चढलेलं राहतं, आणि डॉक्टरांना सगळं समजतं.

रोज जमतच नसेल तर आठवड्याचा डोस एकदाच, कोणाच्या तरी समोर, अशीही पद्धत आहे. हृदय ठीक असेल तर काही डॉक्टर तसं देतात.

नशा सोडून तीन आठवडे झाले. नुसतं झोपावंसं वाटतं, वजन वाढलं, मन उदास. थायरॉइड गेलं असेल का?

बहुधा नाही. नशा सुटल्यावरची ही ओळखीची घसरण आहे. पहिले काही दिवस माणूस झोपतो आणि खातो, पुढे कित्येक आठवडे कशात रस वाटत नाही. पण थंडी सहन होत नसेल, बद्धकोष्ठ असेल, आवाज घोगरा झाला असेल, कातडी खरखरीत झाली असेल, तर ते नुसतं नशा सुटल्याचं नाही. तपासा. शिवाय उपचारांत लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर थायरॉइड तपासत राहावंच लागतं, कारण लिथियम ग्रंथीचं काम मंदावतं.

मला विचाराल तर व्यसनमुक्तीच्या दारातच एक टीएसएच व्हावं, आणि शरीर स्थिरावल्यावर सहा आठवड्यांनी दुसरं. घसरणीतली उदासी न झेपून माणसं नशेकडे परत जातात. त्यातल्या एखाद्याला रोज एका छोट्या गोळीची गरज असेल आणि ती कोणी दिलीच नसेल, तर दोष त्याच्या मनोबळाला देण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांना नशेचं सांगायलाच हवं का? घरचे सोबत असतात.

हो. फक्त एक कारण सांगतो. थायरॉइडच्या धडधडीवर पहिलं औषध बहुतेकदा प्रोप्रॅनोलॉल असतं. ते बीटा ग्राहक बंद करतं. अंगात कोकेन असताना ते दिलं तर रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा ग्राहक मोकळे राहून रक्तदाब भडकण्याची भीती असते. ही भीती किती खरी यावर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, पण निर्णय त्यांनी माहिती असताना घ्यायचा की नसताना, हे तुमच्या हातात आहे.

घरच्यांसमोर बोलणं जमत नसेल तर तपासणीच्या वेळी ‘मला दोन मिनिटं तुमच्याशी एकट्याने बोलायचंय’ एवढं म्हणा. डॉक्टरांना हे नवीन नसतं, ते बाकीच्यांना बाहेर बसवतील. मग लांबण लावू नका: काय घेतलं, किती, नाकाने की सुईने की ओढून, आणि शेवटचं कधी. ‘परवा रात्री अकराला, कोकेन, नाकाने, आणि थायरॉइडची गोळी महिनाभर बंद आहे.’ बास, एवढं पुरे.